मार्तंडचा धोटा अन् तुळजाबाईचा डोळा

तुळजाबाईचं नाव निघालं की मले अजूनही थुंकावंसं वाटते. तिच्यावर नाही गा! तिच्यावर थुंकणाऱ्याची जीभ झडो. मले थुंकावंसं वाटते ते आमच्याच लोकायवर, अन् सगळ्यात आधी माह्या नवऱ्यावर. तुमी म्हणान, बाईमाणूस असं बोलते का नवऱ्याले? बोलते. सारा जलम त्याची भाकर थापली, तेवढा हक्क माहा आहे.

मी रुख्माबाई. कोष्ट्याची पोर, कोष्ट्याच्याच घरी दिलेली, तांडापेठेत. सासऱ्याचा घरी हातमाग होता. पण मिलचं कापड बजारात आलं अन् आमच्या मागावर कोंबड्या बसायले लागल्या. मंग माहा नवरा मार्तंड ईश्वरदास शेठच्या मिलीत विणकाम खात्यात लागला, अन् मी त्याच मिलीत सूत गुंडाळायच्या खात्यात. इंग्रजाचं राज्य होतं. एकोणतीस-तीस साल असन.

तुळजाबाई तिथं झाडूवाली. इंदोरा वस्तीतली, महाराची. तिचा बाप पासोड्या विणे. जाड्याभरड्या, पण थंडीत अशा ऊबदार, का आमच्या तांडापेठेतले म्हातारे त्याच आंगावर घेऊन खोकलत बसत. पासोडी चाले, विणणारा नाही चाले. वा रे धरम! तुळजाचा नवरा कन्हानकडे खाणीत कामाले गेला, तिथून छातीचं दुखणं घेऊन आला अन् मेला. मंग ती कामठीले गोऱ्यायच्या पलटणीत झाडायले जाये. तिथून मिलीत आली. बापाच्या मागावर वाढलेली बाई, पण मिलीत तिच्या हाती झाडूच.

काहून, ते सांगते. मिलच्या मागावर धोटा असते. लाकडाचा, दोन्ही टोकायले लोखंड, बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत घेऊन गोळीसारखा इकडून तिकडे धावते. त्याच्यातली सुताची कांडी संपली का नवी घालायची, अन् तिचं सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची एकच रीत, भोकाले ओठ लावायचे अन् सुर्र करून ओढायचं. म्हणून आमचे विणकर म्हणत, महार आत आला तं धोटा उष्टा होईन, आमी नाही त्याले तोंड लावणार. मालकाले काय, त्याले कापड पाहिजे. बरं म्हणे. झालं! महाराले विणकाम खातं बंद. झाडायले मात्र उघडं.

अन् झाडायचं काय, तं या सोवळ्या लोकायची थुंकी! पान खाऊन पचापचा, तंबाखू खाऊन पचापचा, भिंतीचा कोपरा म्हणू नका, मागाचे पाय म्हणू नका. रुईचा कचरा त्या लाळेत भिजून लगदा होये, अन् तुळजाबाई वाकून वाकून तो खरवडे. दुसऱ्याच्या ओठाचा धोटा यायले चालत नाही, अन् यायच्या तोंडातलं सगळं तिनं काढायचं. मी ते पाहून तोंड फिरवे. तुळजाबाई मात्र हासे. मोठ्या आवाजाची बाई, मागायच्या खडखडाटातही ऐकू येये. "काहून गा दादा, पोटात ठेवायले जागा नाही का? सगळं मलेच द्यायचं?" असं तोंडावर म्हणे. लोक चिडत. ती झाडू आपटून पुढं जाये.

मी अन् ती दुपारच्या सुट्टीत गेटापाशी कडुनिंबाखाली बसू. मध्ये हातभर जागा सोडून, हो. तीच सोडे. मी एकदा सरकली, तं म्हणे, "राहू दे वं बाई, तुह्या सासूले वास येईन माहा." असं बोले, का हासावं का रडावं समजत नसे.

आता माह्या नवऱ्याच्या धोट्याची कथा ऐका. मिलीच्या स्टोअरात धोटे मिळत, फुकट. पण स्टोअरवाला जुनेच घासून नवे म्हणून देते, कोणाच्या तोंडचा असन काय मालूम, असं आमच्या लोकायचं म्हणणं. म्हणून जो तो आपला धोटा घरचा ठेवे. मार्तंडनं त्याच्या धोट्यावर चाकूनं त्रिशूळ कोरला होता. संध्याकाळी फडक्यात गुंडाळून घरी आणे अन् देवाच्या फळीवर ठेवे. दसऱ्याले त्याले हळदकुंकू. बायकोले कधी एवढं जपलं नाही.

पण लाकूड ते लाकूड. वर्षामागून वर्ष आपटून आपटून त्याचं एक टोक खिळखिळं झालं, लोखंड वाकलं. मार्तंडनं लाख भरली, वरून दोरा गुंडाळला. मी म्हटलं, "अहो, फेका ना हा, स्टोअरातून घ्या दुसरा." तं माह्यावर डोळे काढले. "तुले काय समजते? कोणाचं उष्टं चाखू मी?" मी म्हटलं, "मंग बजारातून कोरा घ्या." तं म्हणे, मुंबईहून चांगला माल आला का घेईन. त्याचा मुंबईचा माल काही आला नाही.

अन् धोटा उडू नये म्हणून मागाले पुढून एक लोखंडी दांडी असते. ती बी काढून ठेवलेली. मार्तंडचीच नाही, सगळ्यायची. सूत तुटलं का जोडायले आडवी येते म्हणत. जॉबर गणपतराव, म्हणजे त्या खात्याचा मुखिया, रोज पाहे अन् मिशीवरून हात फिरवत पुढं जाये. कापड जास्त निघून राहिलं ना, मंग झालं.

पोळा होऊन गेला होता. दुपारची वेळ. तुळजाबाई दोन मागायच्या मधल्या वाटेनं वाकून झाडत येत होती, अन् मार्तंडचा धोटा मागातून सुटला तो सरळ तिच्या डाव्या डोळ्यात.

मी तिथं नोती. पण आरडाओरडा ऐकून आमच्या खात्यातल्या बाया धावल्या, तशी मी बी धावली. जाऊन पाहते तं ती भुईवर बसली होती, पदर डोळ्याले दाबून, अन् पदरातून रक्त गळून राहिलं होतं. भोवती विणकर उभे, गोल करून. कोणी वाकलं नाही. कोणी खांदा दिला नाही. पाणी सुद्धा वरून ओतू का नको, याचा विचार चालला होता! अन् माहा नवरा काय ओरडून राहिला होता, माहीत आहे? "धोट्याले हात लावू नका कोणी! माह्या धोट्याले हात लावू नका!" तिच्याच लोकायनं येऊन तिले उचललं, टांग्यात घालून दवाखान्यात नेलं.

हट् मेल्या! असं मले तेव्हाच म्हणावं वाटलं होतं.

संध्याकाळी तो घरी आला, फडकं दूर धरून, मेलेला उंदीर धरावा तसं. दारातूनच म्हणे, "पाणी तापव, गोमूत्र आण." मी विचारलं, "तुळजाबाईचं कसं आहे?" तो म्हणे, "तिचं रक्त लागलं न वं धोट्याले! आता हा शुद्ध होते का नाही, विचारा लागन." मी दारात तशीच उभी राहिली. एका बाईचा डोळा फुटला, अन् हा माणूस लाकडाच्या शुद्धीचं विचारून राहिला!  

रात्री कोण्या म्हाताऱ्यानं त्याले सांगितलं का असा धोटा घरात ठेवू नये, अग्नीले द्यावा. दिला. माह्याच चुलीत. आता पाहा, पुरावा जाळावा एवढी अक्कल नोती त्याच्यात. असती तं मी निदान लबाड तरी म्हटलं असतं. विटाळ झाला म्हणून जाळला, बस. सकाळी भांडी घासायले मी राख काढली तं त्याच्यात दोन्ही लोखंडी टोकं निघाली. एक सरळ, एक वाकडं. मी धुतली अन् कमरेच्या पिशवीत ठेवली. काहून ठेवली, तेव्हा मले बी समजलं नोतं.

मंग सुरू झाली चौकशी. अशी चौकशी, का ऐकून आंगावर पाल पडल्यासारखं होईन. धोटा उडाला कसा, हे एकानं विचारलं नाही. सगळे एकच विचारत, कोण कोणाले लागलं? ती मागाच्या किती जवळ होती? तिचा झाडू लागला का? पदर लागला का? गणपतरावनं मॅनेजराले सांगून टाकलं, "साहेब, तिनं झाडू मागात घातला, त्याच्यानं धोटा उचकला. त्या बाईची चूक." विणकरायनं माना डोलवल्या. नंदीबैल बरे, ते निदान दाणे खाऊन डोलतात. अन् दुसऱ्याच दिवशी सगळ्या मागायवर दांड्या चढल्या, तेलपाणी झालं, भिंती धुतल्या. कारण सरकारचा कारखाने पाहणारा साहेब येणार होता.

मी दवाखान्यात गेली. तुळजाबाई वऱ्हांड्यात चटईवर पडली होती, अर्धं तोंड पट्टीत. मले पाहून म्हणे, "ये वं बाई. बस. इथं हातभर जागा सोडायची जरूर नाही, इथं सगळेच महार." मी बसली. तिनं पट्टी चाचपली. मंग म्हणे, "डॉक्टर म्हणते डोळा गेला. गेला तं गेला. पण गणपतराव म्हणून राहिला का मी मागाले हात लावला. बाई, झाडू बी नोता लागला. आमाले काय शिकवा लागते का मागापासून दूर राहायचं? जलमभर तेच शिकलो." तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "हे असंच कागदावर चढलं तं मले गेटाच्या आत कोणी घेणार नाही. एका डोळ्याची झाडूवाली कोण ठेवते? अन् माह्या पायी आमच्या बाकीच्या बायायले बी काढतीन. खरं काय ते कोणी तं सांगा."

मी घरी येऊन मार्तंडले म्हटलं, "सांगा साहेबाले, धोटा माहा होता अन् मोडका होता." तो जेवून राहिला होता. घास खाली ठेवून म्हणे, "माहा माग जाईन. अन् जातीत काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "ज्या तोंडाचं एवढं कौतुक, तेच दाखवा." तो ताटावरून उठला. उठू दे. मी ताट गाईले घातलं.

साहेब आला. तरणाच होता, लाल नाकाचा, मोडकीतोडकी हिंदी बोले. तुळजाबाईले बोलावून घेतलं होतं, पट्टी बांधलेली, ती दाराशी उभी. आमचं खातं तेवढ्यापुरतं बंद होतं, म्हणून आमी बाया बी दारात गर्दी करून होतो. सारे माग थांबलेले. एवढं मोठं खातं अन् कबूतराच्या पंखाचा आवाज ऐकू येये.

साहेबानं विचारलं, "कौनसा धोटा था?" गणपतरावनं झटकन एक धोटा पुढं केला. स्टोअरातला, घासूनपुसून चकाचक. "यही साहब." साहेबानं उलटून पाहिला, टोकं दाबून पाहिली. काहीच खोट नाही. मार्तंडकडे पाहून म्हणे, "तुम्हारा?" मार्तंडनं मान हलवली. मंग साहेबानं तो धोटा त्याच्या हातात दिला, कांडीकडे बोट केलं, अन् म्हणे, "चलाके दिखाओ."

तिथं अटकली गाडी.

मार्तंडनं कांडी घातली. सुताचं टोक भोकापाशी आणलं. अन् थांबला. त्याच्या हातात तो परका धोटा, कोणाकोणाच्या ओठाचा, अन् समोर सारी जात उभी. नखानं सूत ओढायले पाहिलं, निघालं नाही. तारेनं पाहिलं, सूत तुटलं. त्याच्या कानामागून घाम उतरला. साहेबाले समजेना का हा माणूस करून काय राहिला. आमाले सगळ्यायले समजत होतं, अन् सगळे खाली पाहून राहिले होते. गणपतराव दातातल्या दातात म्हणे, "लाव गा तोंड! लाव लवकर, मराचं आहे का?"

अन् त्यानं लावलं.

डोळे मिटले, ओठ लावले, सुर्र करून ओढलं. सूत निघालं. माग सुरू झाला. धोटा असा धावला, असा सरळ, का कधी उडन असं कोणाच्या सपनातही येणार नाही. मार्तंड बाजूले वळून थुंकला. पुन्हा थुंकला. ओठ बाहीनं पुसून पुन्हा थुंकला. साहेबानं समाधानानं मान डोलवली अन् माग थांबवायले लावला. धोटा चांगला, माग चांगला, दांडी जागेवर. मंग चूक बाईचीच. त्यानं पेन काढला.

तेवढ्यात दाराशी तुळजाबाई बोलली. ओरडून नाही. पण तिचा आवाज तो तिचाच.

"मार्तंडदादा, लावता येते न तोंड? मंग हेच आधी केलं असतं तं तुमचं काय गेलं असतं गा?"

 मार्तंडच्या ओठावर थुंकी होती, ती पुसायची बी त्याले सुध राहिली नाही. साहेबानं वर पाहिलं. "क्या बोलती है?" गणपतराव म्हणे, "कुछ नहीं साहब, पागल हो गई, रो रही है."

रडून राहिली म्हणे! माह्या डोक्यात भडका उठला. पुढं मी काय केलं ते मले अर्धंच आठवते. बाया मागं ओढत होत्या, ते आठवते. मी सरळ आत गेली अन् कमरेची पिशवी सोडून ती दोन्ही टोकं साहेबाच्या पुढ्यात मागावर टाकली. "ये देखो साहब! ये उसके धोट्याचं टोक! मेरे चूल्हे में से निकला!" हिंदी कशी होती देव जाणे, पण समजली त्याले. मी त्याले सगळं सांगितलं. घरचा धोटा काहून, लाख काहून, दांडी कोण काढे, कोण पाहून न पाहिल्यासारखं करे, धोटा चुलीत काहून गेला. गणपतराव मध्ये बोलायले आला, त्याले म्हटलं, "तू चूप बस रे मुडद्या!" जॉबराले! साहेबानं वाकडं टोक उचललं, बोटानं चाचपलं, मार्तंडले दाखवलं. "तुम्हारा?" मार्तंड पुन्हा थुंकला अन् खाली पाहून म्हणे, "हाव."

साहेबाच्या कागदावर काय चढलं ते मी वाचलं नाही, मले वाचता येत नाही. पण तुळजाबाईची चूक नाही असं मॅनेजरनं गेटावर उभं राहून सांगितलं, अन् दवाखान्यातून सुटल्यावर ती पुन्हा कामावर आली. मार्तंडले मागावरून काढून कापडाच्या गाठी वाहायले लावलं. गणपतरावच्या मिशीचं काही वाकडं झालं नाही. दांड्या साहेब दिसेनासा झाला तशा उतरल्या. अन् धोटे? जो तो पुन्हा आपापला फडक्यात गुंडाळून घरी नेऊन राहिला. हे पाहून मले जेवढी किळस आली, तेवढी तिच्या फुटल्या डोळ्यानं बी आली नोती.

पहिल्याच दिवशी तिले कुठं झाडायले लावलं असन? त्याच जागेवर. मार्तंडच्या थुंकीवर. वाळून काळी पडली होती ती. दुपारी कडुनिंबाखाली मी तिच्याजवळ गेली, हातभर जागा न सोडता बसली.  ती एका डोळ्यानं माह्याकडे पाहून म्हणे, "तोंड काहून पाडलं वं? बरं झालं. आता तुमच्या लोकायची घाण मले अर्धीच दिसते." अन् हासली. मले हासू आलं नाही.

इकडे घरी निराळाच तमाशा. मार्तंडनं चारचौघात परक्या धोट्याले तोंड लावलं म्हणून जातीची बैठक झाली. प्रायश्चित्त ठरलं. पंचगव्य घ्यायचं, डोक्याचे केस काढायचे अन् जातवाल्यायले जेवण द्यायचं. मार्तंड खुशीत घरी आला. किती दिवसानं चेहऱ्यावर रंग दिसला. म्हणे, "सुटलो वं. जेवण झालं का सगळं स्वच्छ."

जेवणाच्या दिवशी अंगणात मंडळी बसली. टक्कल करून, गोमूत्र पिऊन मार्तंड मध्ये बसला, नव्या नवरदेवासारखा. आत माह्या चुलीवर भात रटरटून राहिला होता. त्याच चुलीवर, ज्याच्यात धोटा जाळला. मी दारात येऊन विचारलं, "बुढ्याहो, एक सांगा. यानं धोट्याले तोंड लावलं त्याचं हे प्रायश्चित्त झालं. त्या बाईचा डोळा फोडला त्याचं कोणतं?"

 एक म्हातारा खाकरला, तंबाखू गालात सारली अन् म्हणे, "त्याचं काही नसते बाई." अन् माह्या सारवलेल्या अंगणात बाजूले वळून थुंकला.

मी आत गेली, घागर उचलली अन् पेटल्या चुलीत उपडी केली. धूर बाहेर गेला तसे सारे खोकलत उठले. भात अर्धा कच्चा राहिला, तो मी झाकून ठेवला. मंग कोपऱ्यातला झाडू आणून मार्तंडच्या हातात दिला अन् म्हटलं, "ते झाडा आधी."